सुईतून घेतलेली गोळी

दारव्हा तालुक्यातल्या एका गावाहून एका काकांनी विचारलं आहे: "पुतण्या चोवीस वर्षांचा आहे. मेडिकलमधून गोळ्या आणते, पाण्यात कालवते आन् सुईनं घेते. हाताले गाठी आल्या. मागच्या महिन्यात एक बोट काळं-निळं पडलं होतं, ते आता बरं आहे. गोळी तर कंपनीनंच बनवली, डॉक्टरही लिहून देतात. मग तोंडानं घेतली तर चालते आन् सुईनं घेतली तर हात सडते, असं काऊन? आन् कंपनीले हे माहीत असन तर त्यायनं काही कराले नको का?"

काका, आधी त्या बोटाबद्दल बोलतो, कारण ती गोष्ट पुढच्या वेळेपर्यंत टाळण्यासारखी नाही.

शीर रक्त हृदयाकडे नेते आणि धमनी हृदयाकडून बोटांकडे. कोपराच्या खोबणीत, मनगटाशी आणि जांघेत या दोघी अगदी खेटून असतात. हातावरच्या शिरा टोचून-टोचून बसल्या की सुई खोल जाते आणि धमनीत शिरते. मग गोळीचा भुगा थेट बोटांच्या टोकाकडच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो. हे ओळखता येतं. टोचताक्षणी हातभर आग होते आणि ती खाली बोटांकडे धावते. सिरिंजमध्ये येणारं रक्त लालभडक असतं, जोरानं येतं. तळवा पांढरा पडतो, नंतर त्यावर जांभळे ठिपके उठतात, बोटं गार पडतात. असं झालं तर सुई काढून त्या जागेवर दहा मिनिटं घट्ट दाब द्यायचा. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटाचा धागा तेव्हाच उतरवायचा, कारण थोड्या वेळात सूज चढते आणि मग ते कापावं लागतं. हात उशीवर थोडा उंच ठेवायचा. शेक नको, बर्फ नको, तेल लावून चोळणं तर मुळीच नको. आणि त्याच दिवशी, जमलं तर सहा तासांच्या आत, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचायचं: यवतमाळ किंवा अकोल्याचं मेडिकल कॉलेज, सेवाग्राम, नागपूर. रात्रीची वेळ असेल तर १०८ला फोन करा. सकाळची वाट पाहण्यात बोटं जातात. पुतण्याचं बोट या वेळी वाचलं. जिथे टोचल्यावर हे झालं, त्या जागेला त्यानं पुन्हा कधीही सुई लावू नये, एवढं तरी त्याला आजच सांगा.

आता तुमचा पहिला प्रश्न, असं काऊन.

अल्प्राझोलाम या चिंता-झोपेवरच्या औषधाची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी उदाहरण म्हणून बघा. तिच्यात औषध अर्धा मिलिग्रॅम. पण गोळीचं वजन शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात असतं. एवढंसं औषध चिमटीत धरता येत नाही, म्हणून त्याला अंग द्यावं लागतं. ते अंग कशाचं असतं? बहुतेक गोळ्यांत मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज असतं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेली बारीक पूड. मक्याचा स्टार्च असतो. यंत्राच्या साच्याला पूड चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट आणि टाल्क. टाल्क म्हणजे शंखजिऱ्याचीच पूड. पांढऱ्या-रंगीत आवरणात टायटॅनियम डायऑक्साइड. आणि गोळी पोटात गेल्यावर फुटावी म्हणून क्रॉसपोव्हिडोनसारखा एखादा पदार्थ, ज्याचं कामच पाणी लागलं की फुगणं हे आहे. पोटासाठी यातलं काहीही वाईट नाही. सेल्युलोज आणि टाल्क आतड्यातून जसंच्या तसं बाहेर पडतं. पोटाला मागचं दार आहे, रक्ताच्या नळीला नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुतण्याला समोर बसवून करा. साधी पॅरासिटामॉलची गोळी काचेच्या ग्लासात, अर्धा ग्लास पाण्यात टाका. दोन-तीन मिनिटांत ती फुगून फुटते. ढवळा आणि वीस मिनिटं ग्लास हलवू नका. मग खिडकीच्या उजेडात धरा. तळाला पांढरा गाळ बसलेला दिसेल, मधलं पाणी गढूळ, आणि वर पाण्याला न भिजणारी पातळ साय तरंगत असेल. गाळात सेल्युलोज, टाल्क यांसारख्या न विरघळणाऱ्या वस्तू असतात, आणि वरची साय पाण्याचा संग न धरणाऱ्या स्टिअरेटची. गोळी कितीही बारीक कुटली तरी हे विरघळत नाही, फक्त दिसेनासं होतं. आणि झोपेच्या, "बटन" म्हणून विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपामसारख्या गोळ्यांचं तर मूळ औषधही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे पोरगा सुईत जे भरतो, त्यात नशा थोडी आणि भुकटी फार.

ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं अफूसारखं औषध आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीत आणखी एक घोळ आहे. तिच्यात साधारण ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. पॅरासिटामॉल एक मिलिलिटर साध्या पाण्यात चौदा-पंधरा मिलिग्रॅमच विरघळतं. सव्वातीनशे मिलिग्रॅमला वीस मिलिलिटरहून जास्त पाणी लागेल. सिरिंज असते एक-दोन मिलिलिटरची. उरलेल्या पॅरासिटामॉलचे खडे शिरेतच जातात.

या भुकटीचा एक कण केवढा? मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. गोळीतल्या सेल्युलोजचे कण सरासरी पन्नास ते शंभर मायक्रॉनचे असतात, मक्याच्या स्टार्चचे पाच ते पंचवीस. फुप्फुसातल्या केशवाहिन्या, जिथे रक्तात प्राणवायू मिसळतो, सात-आठ मायक्रॉनच्या आसपास. आपली लाल रक्तपेशीसुद्धा तिथून अंग चोरून जाते. हातातून निघालेलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून सरळ फुप्फुसात येतं, त्यामुळे पहिली गाळणी फुप्फुसच होते. ज्यांच्या वावरात ठिबक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पाण्यातून गाळ आला की ड्रिपर बंद पडतात, म्हणून मोटारीजवळ फिल्टर बसवतो, आणि तरी बसलेच तर आम्ल सोडून नळ्या धुतो. फुप्फुसात आम्ल सोडता येत नाही. अडकलेल्या प्रत्येक कणाभोवती शरीर पेशींची गाठ बांधतं, गाठीशेजारची केशवाहिनी आकसते, आणि टाल्क कधीच विरघळत नसल्यामुळे सुई सोडून वर्षं उलटली तरी हे काम आत चालूच राहू शकतं. पुरेशा वाहिन्या बंद झाल्या की हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. मग जिना चढताना, पऱ्हाटीला पाणी देताना दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात, कधी चालता-चालता भोवळ येते.

इथे विदर्भातल्या डॉक्टरांनी आणि घरच्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छातीच्या एक्स-रेमध्ये या गाठी बाजरीच्या दाण्यांसारख्या सगळीकडे पसरलेल्या दिसतात, आणि बाजरीसारखा टीबी म्हणजे मिलिअरी टीबीही असाच दिसतो. आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे सहा महिन्यांची औषधं सुरू होतात. थुंकीत जंतू नाहीत, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची यंत्रावरची तपासणी निगेटिव्ह, औषधांनी फरक नाही, आणि पोरगा सुईचं काही बोलत नाही. खरोखर टीबीही असू शकतो, म्हणून तपासणी टाळायची नाही. पण "मी गोळ्या सुईनं घेत होतो" हे एक वाक्य डॉक्टरांना सांगितलं तर ते हृदयाची इको आणि फुप्फुसाचा सीटी मागवतील. ते वाक्य दडवलं तर महिने वाया जातात.

बरेच जण म्हणतात, आम्ही कापसातून गाळून घेतो. कापूस वेचणाऱ्या मुलखात हे ऐकून वाईट वाटतं, कारण कापसाच्या तंतूंमधल्या फटी या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या. उलट तंतू तुटून सिरिंजमध्ये जातात, आणि कापसावर वाढणारे जंतू किंवा त्यांचं विषही. तासाभरात थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, उलट्या. याला कॉटन फीव्हर म्हणतात, आणि तो अनेकदा दिवसभरात ओसरतो. म्हणूनच घात होतो. पुढच्या वेळी खरा रक्तातला संसर्ग असला तरी "उतरेल" म्हणून घरीच पडून राहतात. ऑस्ट्रेलिया-ब्रिटनमधल्या सुई-वाटप केंद्रांतून चाकाच्या आकाराचे अतिसूक्ष्म फिल्टर देतात. त्यांनी बराच भुगा अडतो, हे खरं. तरी पाण्यात विरघळलेलं सगळं आणि चुकून धमनीत गेलेली सुई ते थांबवत नाहीत.

सुई घेणाऱ्याला अडतीस अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर ताप आला आणि तो एका दिवसात उतरला नाही, तर तो गोळी-सलाईनवर भागवायचा ताप नाही. जंतू शिरेतून हृदयाच्या झडपेवर, बहुधा उजव्या बाजूच्या, जाऊन बसतात. त्यांचे तुकडे सुटून फुप्फुसात जातात, मग खोकला, श्वास घेताना छातीत कळ. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस एवढे असतात की या तापाकडे कोणाचं लक्ष जात नाही. गावातला डॉक्टर एक प्रतिजैविक आणि एक डायक्लोफेनॅक टोचून देतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि नंतर मोठ्या दवाखान्यात रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काही उगवत नाही. योग्य क्रम उलटा आहे: आधी वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा कल्चरचं रक्त, मग प्रतिजैविक. उपचार चार ते सहा आठवडे शिरेतून चालतो.

गाठींबद्दल तुम्ही लिहिलं आहे. लाल, गरम, दुखणारी गाठ म्हणजे गळू असण्याची शक्यता. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं कोमट ओला शेक, पिळायचं नाही, वरून हळद-चुना भरायचा नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर घ्यायचं, आणि दोन दिवसांत कमी झालं नाही तर ग्रामीण रुग्णालयात चिरून पू काढून घ्यायचा. त्वचेवर लाल रेघ वर चढताना दिसली, ताप आला, किंवा जागा दिसते त्यापेक्षा फारच जास्त दुखत असेल, तर दोन दिवस थांबायचं नाही. जांघेतल्या गाठीला मात्र गावात कोणालाही हात लावू देऊ नका. बोटं ठेवून बघा, ती गाठ नाडीसारखी उडत असेल तर तो पू नसून फाटलेल्या धमनीभोवतीचा फुगा असू शकतो. चिरा दिला की रक्त आवरत नाही आणि माणूस टेबलावरच जातो. पेंटाझोसिन हे दुखण्यावरचं औषध टोचून घेणाऱ्यांची कातडी आणि स्नायू तर लाकडासारखे कडक होतात, त्यावर न भरणाऱ्या जखमा पडतात. तिथे शेकाचा काही उपयोग नाही.

एकाच सुईतून दोघांनी घेतलं की एचआयव्ही, कावीळ बी आणि कावीळ सी पसरतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. एवढं माहीत नसतं की सुई स्वतःची असली तरी वाटी, पाणी आणि कापूस सामाईक असेल तर कावीळ सी तेवढ्यानंही होते. तिचा विषाणू सिरिंजमध्ये कित्येक दिवस टिकतो. गोठ्यात गुरांसाठी वापरलेली सुई उचलून घेणं हे आणखी वाईट, ती जाड असते आणि जखम मोठी करते. एचआयव्ही तपासणी आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, मोफत होते. कावीळ सीवर २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत गोळ्या मिळतात आणि बहुतेकांची कावीळ बारा आठवड्यांत पूर्ण जाते. कावीळ बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन वेळा. दुसऱ्याची सुई टोचून बहात्तर तास झाले नसतील तर एचआयव्ही टाळण्याची अठ्ठावीस दिवसांची औषधं मिळतात, पण जितक्या लवकर तितकी ती कामाची.

मेडिकलवाल्यांना इथेच एक विनंती. अशा पोरानं नवीन सिरिंज मागितली आणि तुम्ही संतापून नाकारली, तर तो व्यसन सोडत नाही, तो जुनी सुई शोधतो. गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नका, सुई मात्र द्या.

जीव जाण्याचा सर्वात जवळचा रस्ता श्वास बंद पडण्याचा आहे. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्या जातीची औषधं श्वास मंदावतात, झोपेच्या गोळ्या आणि मोहाची दारू त्यात भर घालतात. घोरल्यासारखा घुरघुर आवाज, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास, ओठ निळसर, हाक मारून, छातीचं हाड मुठीनं चोळूनही जाग नाही, ही चिन्हं दिसली की १०८. तोवर कुशीवर झोपवा, वरचा पाय दुमडून, तोंड थोडं खाली. श्वास थांबला असेल तर उताणं करून हनुवटी वर उचला, नाक धरा आणि दर पाच सेकंदांनी तोंडावाटे एक फुंकर. मिठाचं पाणी, लिंबू, दही काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. रुग्णालयात नॅलॉक्सोनचं, म्हणजे अफूसारख्या औषधांवरच्या उताऱ्याचं, ०.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीतही देता येतं, दोन-तीन मिनिटांत श्वास न सुधारल्यास पुन्हा. त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो, गोळीचा त्याहून जास्त, म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यातून लगेच आणू नका. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात नॅलॉक्सोन आहे का, हे गरज पडायच्या आधीच जाऊन विचारून ठेवा. सर्वाधिक धोका जुन्या नशेकराला नसून महिनाभर बंद ठेवून पुन्हा पहिल्याच मापानं घेणाऱ्याला असतो. कोंडून ठेवणाऱ्या केंद्रातून किंवा तुरुंगातून परतलेला पोरगा पहिल्या आठवड्यात जातो तो यामुळे.

म्हणून घरी कोंडून, गोळ्या फेकून एकदम बंद करू नका. झोपेच्या गोळ्या अचानक थांबल्या की झटके येतात, त्या डॉक्टरांनी मोजून कमी कराव्या लागतात. अफूसारख्या गोळ्यांसाठी जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून देण्याचा उपचार आहे, ती महिनोन्महिने चालते आणि त्यात काही गैर नाही. जवळचं केंद्र १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारता येतं, एचआयव्हीबद्दल १०९७, मनाच्या तणावाबद्दल १४४१६. पोलिसांच्या भीतीनं पुतण्या जात नसेल तर त्याला सांगा: अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस, कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाबद्दल वा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल खटला चालत नाही, उपचार मात्र पूर्ण करावा लागतो.

आता कंपनीचं. हो, तिला माहीत असतं, आणि हो, तिनं करायला हवं. पण काय करायला हवं, हे जगात दोन-तीनदा चुकून शिकलेलं आहे.

पेंटाझोसिनच्या गोळ्या अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या शेवटी फार टोचल्या जायच्या. १९८३मध्ये निर्मात्यानं पन्नास मिलिग्रॅम पेंटाझोसिनमध्ये अर्धा मिलिग्रॅम नॅलॉक्सोन घातलं. नॅलॉक्सोन तोंडावाटे घेतलं तर यकृत ते जवळजवळ संपवून टाकतं, त्यामुळे दुखणाऱ्या रुग्णाला फरक पडत नाही. शिरेतून घेतलं तर ते नशा अडवतं. ब्युप्रेनॉर्फिनमध्येही हाच तोडगा चारास एक या प्रमाणात वापरतात. हा विचार चांगला आहे, कारण गोळी तोंडानं घेणाऱ्याचं काही बिघडत नाही आणि टोचणाऱ्याला हवी ती नशा मिळत नाही.

ब्रिटनमध्ये उलटं झालं. टेमाझेपाम या झोपेच्या औषधाच्या कॅप्सूलमधलं पातळ औषध टोचलं जातं म्हणून त्याजागी घट्ट जेल भरलं. टोचणाऱ्यांनी ते गरम करून पातळ केलं, आणि शरीरात थंड झाल्यावर ते धमन्यांतच थिजलं. बोटं, पाय कापावे लागले, आणि १९९६मध्ये सरकारी आरोग्यसेवेतून त्या कॅप्सूल बंद कराव्या लागल्या. अमेरिकेत ऑक्सिमॉर्फोन या अफूसारख्या औषधाच्या ओपाना ईआर या गोळीला २०१२मध्ये नवं कठीण रूप दिलं, कुटून नाकानं ओढता येऊ नये म्हणून. नाकाचा रस्ता बंद झाल्यावर लोक सुईकडे वळले. त्या रूपातल्या पॉलिइथिलीन ऑक्साइड या कठीणपणा आणणाऱ्या पदार्थानं काहींच्या लाल पेशी रक्तातच फाटल्या, मूत्रपिंडं बसली. इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत २०१५मध्ये हीच गोळी टोचणाऱ्यांत एचआयव्हीची मोठी साथ उठली. २०१७मध्ये तिथल्या औषध नियंत्रक संस्थेनं, एफडीएनं, कंपनीला ती बाजारातून काढायला सांगितलं.

यावरून माझं ठाम मत असं आहे. "आमची गोळी कुटता येत नाही" एवढं दाखवून कंपनीचं काम संपत नाही. जो तरीही टोचेल त्याच्या शिरेत ही गोळी काय करेल, याची चाचणी बाजारात आणण्याआधी व्हायला हवी, आणि तिचा निकाल औषध नियंत्रकापुढे ठेवला जायला हवा. एखाद्या औषधाचा गैरवापर होतो हे ठाऊक असताना त्यात टाल्क आणि न विरघळणारी भरणी तशीच ठेवायची की लॅक्टोज, मॅनिटॉलसारखी विरघळणारी वापरायची, हाही कारखान्यातला निर्णय आहे. यावर "मग टोचणं सोपं होईल" असा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. पण ज्या गोळीत औषध अर्धा टक्का आणि भुकटी साडेनव्व्याण्णव टक्के, ती आजही टोचली जातेच आहे. भुकटीनं कोणाला थांबवलेलं नाही, फक्त फुप्फुसं भरली आहेत.

आपल्या देशातला अनुभव स्पास्मोप्रॉक्सिव्हॉनचा. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हे अफूसारखं वेदनाशामक असलेली ही कॅप्सूल मिझोराम-नागालँडमध्ये वर्षानुवर्षं टोचली गेली, गळवं झाली, हात-पाय गेले. मे २०१३मध्ये त्या औषधावर बंदी आली. मागणी नुसती बंदीनं संपत नाही, ती पुढच्या गोळीवर जाते, आणि २०१८मध्ये ट्रामाडॉलही एनडीपीएस कायद्याखाली आणावं लागलं. फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्रानं टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्यांच्या उत्पादन-निर्यातीच्या परवानग्या मागे घ्यायला सांगितलं. त्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचं बातम्यांतून उघड झाल्यावर हे झालं, आधी नाही. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत सुईनं नशा घेणाऱ्यांची संख्या साडेआठ लाख अंदाजली होती.

कंपनीच्या हातात गोळीच्या रचनेएवढीच दुसरी गोष्ट असते, ती म्हणजे विक्रीची माहिती. डेपोतून स्टॉकिस्टला आणि तिथून मेडिकलला माल कसा जातो, हे तिला ठिकाणागणिक समजतं. विक्री प्रतिनिधीचं टार्गेटच त्यावर ठरतं. एखाद्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ एकही नसताना तिथे नायट्राझेपामचे खोके जात असतील, तर ते कोण घेतंय हा प्रश्न कंपनीच्या संगणकाला पहिल्या तिमाहीत पडायला हवा. त्या जागी टार्गेट पूर्ण झाल्याचा बोनस मिळतो. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, पेंटाझोसिन ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत. दुकानदारानं डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं ठेवायची असते. वही दुकानात राहते आणि कंपनीपर्यंत काही पोचत नाही. १ ऑगस्ट २०२३पासून तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक गोळीवर तो हवा आणि तो पाकिटावर नको, पानातल्या प्रत्येक गोळीच्या मागे हवा. कारण आपल्याकडे पान कात्रीनं कापून चार-चार गोळ्या देतात, बॅच नंबरचा तुकडा दुकानातच राहतो. इशाराही इंग्रजीत, तोही त्याच तुकड्यावर. "ही गोळी टोचू नका, बोटं-फुप्फुसं जातात" हे मराठीत, प्रत्येक गोळीमागे छापायला शाई किती लागते?

आणि पैसा. अमेरिकेत २०२२मध्ये अफूसारख्या गोळ्यांच्या खटल्यांत तीन मोठे घाऊक विक्रेते आणि एक निर्माता यांच्याशी सव्वीस अब्ज डॉलरची तडजोड झाली, ती बहुतांशी व्यसनाचा उपचार आणि प्रतिबंध यांसाठी. आपल्याकडे निदान एवढं मागता यावं की या गोळ्यांच्या विक्रीतून नॅलॉक्सोन, नव्या सुया आणि जखमांची मलमपट्टी ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचावी.

काका, तुम्ही यात एक ठोस काम करू शकता. गळू, काळं पडलेलं बोट, गोळीनंतरचा झटका, हे सगळे औषधाचे दुष्परिणाम म्हणून नोंदवता येतात, गैरवापरातून झाले असले तरी. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे, आणि सामान्य माणसासाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. पुतण्याच्या खोलीतली रिकामी पानं फेकू नका. ज्या तुकड्यावर कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत दिसते तो वेगळा काढून ठेवा, तारीख लिहा, हाताचा फोटो काढा. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात गेलात तर औषधशास्त्र विभागात हा फॉर्म भरून घेतील का, ते विचारा. त्यावर पुतण्याचं पूर्ण नाव लिहावं लागत नाही, आद्याक्षरं आणि वय पुरतं.